निर्मलाचे उन्हाळे

दुपारची भांडी विसळत होते, तेव्हा निर्मलाच्या शेजारच्या हंसाबेनचा फोन आला. "आपकी सहेली नहीं रही... सुबह कुर्सी पे बैठी थी, बस, वैसे ही." ऐकल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता शोकसभा होईल आणि तिथे नगरसेवक साहेब बोलतील. मैत्रीण गेल्याचं रडू नंतर आलं. आधी राग आला.

निर्मला भाईंदर पूर्वेला आमच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होती. सुट्टी लागली की अर्धी वस्ती रत्नागिरी, रायगडला गावी जायची. जे मागे राहत त्यांच्यासाठी तिने उन्हाळी वाचन सुरू केलं. दरवर्षी एक विषय. कधी स्वयंपाक, कधी प्रवास. लहान-मोठं कुणीही यावं, त्या विषयाचं काहीही वाचावं आणि शेवटच्या दिवशी उभं राहून बोलावं. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याने वाचून दाखवायचं, एवढाच नियम. सिल्व्हर पार्कहून एक आजोबा नातीला घेऊन यायचे आणि दोघं एकाच पुस्तकासाठी भांडायचे. लग्नानंतर मी पुन्हा पुस्तक हातात धरलं, तेही तिथेच.

मग एका वर्षी तिने विषय ठेवला, पाणी. समारोपाला वाचनालयाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे नगरसेवक, पाहुणे होते. मासळी विकणाऱ्या हिराबाईंना शाळेतल्या मुलींनी महिनाभर वाचून दाखवलं होतं. त्या उभ्या राहिल्या. "पोरींनी नद्यांचं वाचलं, दर्याचं वाचलं. बरं वाटलं. पन आमच्या आळीत नळ हाय, पानी न्हाय. सायेब इथंच हायेत, इचारा त्यांना."

टाळ्यांनी खोली दणाणली. साहेबही हसले. चहा झाल्यावर मात्र निर्मलाच्या टेबलापाशी आले. "मॅडम, त्या बाईला उद्या ऑफिसला पाठवा. सॉरी बोलू दे, विषय संपला."

"त्यांनी खरं तेच सांगितलं," निर्मला म्हणाली. "माफी मागायला मी कुणाला पाठवणार नाही."

"विचार करा."

"केला."

तिला कुणी ओरडलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात चौकात फक्त बॅनर लागला, 'व्यक्तिमत्त्व विकास शिबिर', वर साहेबांचा हसरा फोटो. वाचनाची खोली शिबिराला गेली, पुस्तकांची कपाटं जिन्याखाली. निर्मलाला सांगण्यात आलं, "तुम्ही पाहुण्यांच्या गुच्छांचं बघा." तिने त्या दिवशी गुच्छ दिले आणि संध्याकाळी राजीनामाही. हिराबाईंसाठी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवणारी कमिटी गप्प बसली. "कशाला उगाच वाकड्यात शिरायचं," असं एकाने मला जिन्यात थांबवून सांगितलं. निर्मला एवढंच म्हणाली, "टाळ्या वाजवायला काय लागतं गं..."

शोकसभा त्याच खोलीत झाली. साहेब बोललेच. "ताईंची वाचन चळवळ आम्ही पुढे नेऊ." मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, ती तर तुम्हीच बंद केलीत." मग मागून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "काकू, आज नको." तेवढ्यात बटाटेवडे आले आणि सगळे उठले. हिराबाई तेवढ्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. वड्याची डिश त्यांनी हातानेच परत सारली.

वाचनालय सोडल्यावर निर्मलाने जेसल पार्कच्या आपल्या घरी वाचन चालू ठेवलं होतं. कधी सात-आठ जण, कधी मी एकटीच. मे महिन्यात दुपारी ती दार सताड उघडं टाकायची आणि येणारा चप्पल काढून सरळ आत जाऊन बसायचा. गेल्या आठवड्यात तिथे आता राहायला आलेल्या तिच्या भावाला भेटायला गेले. दार बंद होतं, आतून टीव्हीचा आवाज येत होता. इतके उन्हाळे त्या घरी गेले, पण बेल कुठे आहे ते मला शोधावं लागलं.