हवालदारांची अर्धी मुलाखत

“आमी पळालो, असं तुमाले कोनं सांगतलं, सर?”

खामगावच्या कॉलेजात माझ्या टेबलासमोर निवृत्त हवालदार इंगळे उभे होते. हातात माझ्याच शोधनिबंधाची झेरॉक्स. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मी संरक्षणशास्त्र शिकवतो, म्हणजे युद्धं कशी लढली जातात ते. स्वतः कधी बंदूक हातात धरलेली नाही. इंगळे जवळच्याच पिंपळगाव राजा या गावचे. त्यांच्या तुकडीने सीमेवरची एक चौकी सोडली होती, त्यावर मी त्यांची मुलाखत घेतली होती. हुकमावरून, शिस्तीत मागे येणं म्हणजे विथड्रॉवल. भिऊन सुटलात तर रूट, सरळ पळापळ. सैनिकांचा धीर का सुटतो, यावर माझी थिअरी होती आणि तिला एक पळापळ हवी होती. मी रूट लिहिलं, तेही नावानिशी. त्याच निबंधावर मी प्रोफेसर झालो.

इंगळ्यांची मुलगी शिक्षिका. वडिलांचं नाव छापून आलं म्हणून कौतुकाने माझा इंग्रजी निबंध घरच्यांना मराठीत सांगत वाचायला बसली आणि मध्येच थांबली. मग इंगळे पळाले, असं गावभर झालं.

“हुकूम आलता,” इंगळे म्हणाले. “दोन जखमी खांद्यावर घेऊन मांगं आलो.”

“हे मुलाखतीत तुम्ही बोलला नाहीत.”

“बोललो असन. लावून पाहा.”

ते खोटे ठरतील या खात्रीने मी रेकॉर्डिंग लावलं. त्यांचा आवाज आला, “मंग वायरलेसवर साहेबानं...” आणि त्यावर माझा, “ते राहू द्या, तारीख सांगा.”

मला त्यांच्याकडे बघवेना.

विभागप्रमुख म्हणाले, जर्नलला दोन ओळींची दुरुस्ती पाठवा आणि मोकळे व्हा. पाठवली, छापूनही आली. पण ती इंग्रजी दुरुस्ती पिंपळगावात कोण वाचणार? इंगळ्यांनी एवढंच मागितलं होतं, गावात येऊन सांगा.

गेलो. विहारात पन्नासेक माणसं जमली होती. चूक माझी, असं सांगितलं आणि रेकॉर्डिंग ऐकवलं. माझं ‘ते राहू द्या’ स्पीकरवर फार मोठं वाजलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, इतकी लाज वाटली.

इंगळे उठले. “आता पुढचं सांगू का, सर?”

मी मान हलवली. ते तासभर बोलले. मी तारीख विचारली नाही.

प्रोफेसरकी अजून माझ्याकडेच आहे. तिची लाज वाटते, पण सोडवत नाही. मुलाखतीत प्रश्न विचारून झाला की आता मी तोंड बंद ठेवतो. एवढं शिकायला मात्र दुसऱ्याची अब्रू खर्ची पडली.