आगाशीत झाला संस्कृतचा गौरव

"तू येच, टाळ्या वाजवायला माणसं कमी पडतील," मंदा फोनवर म्हणाली. मंदा माझी मावसबहीण. आगाशीजवळच्या एका शाळेत संस्कृत शिकवायची, मार्चअखेर निवृत्त होणार होती. म्हणून संस्थेने जानेवारीतल्या एका रविवारी 'संस्कृत गौरव सोहळा' ठेवला होता. मंदाला शाल-श्रीफळाचं काही नव्हतं. तिच्या जागी नवी बाई घ्यायची की शाळेतलं संस्कृतच बंद करायचं, हे अध्यक्ष ठरवणार होते. त्यांनी तिच्या आठवीच्या पोरांचं संस्कृत नाटुकलं एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच तिची धडपड. माझ्या नवऱ्याने मात्र आगाशीला सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळतात एवढंच ऐकलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

ठाण्याहून जाणार असाल तर घोडबंदर रस्त्याला भल्या पहाटे लागा, नाहीतर गायमुखापर्यंत ट्रकांची मागची बाजू वाचत बसाल. खाडीपूल ओलांडून हायवेने विरार फाटा, तिथून पश्चिमेला. फाट्यावरचा वडा खाऊ नका, आदल्या दिवशीचा असतो. गाडी नसेल तर विरार स्टेशनबाहेरून एसटी मिळते, तिकीट चहाच्या भावात. बोळिंजपर्यंत नव्या इमारती तुमची पाठ सोडत नाहीत. मग अचानक केळीच्या वाड्या, सोनचाफा आणि गार सावली सुरू होते. काच खाली करा, एसी झक मारतो.

गाडी तळ्याकाठी लावून हॉलमध्ये पोचलो. दारात कागद चिकटवला होता: दुपारी एक वाजता हॉल महिला मंडळाच्या हळदीकुंकवासाठी रिकामा करावा. आत समई पेटेना, कारण पंखा बंद करायचं कुणाला सुचेना. मग पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, शाली, नारळ.

पहिल्या वक्त्यांनी सांगितलं, संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा. मराठीत सांगितलं. दुसरे म्हणाले, संस्कृत स्कोअरिंग आहे, आमच्या मुलाला शंभरपैकी शहाण्णव पडले. आता काय करतो? अमेरिकेत आहे. तिसऱ्यांनी पाण्याला संस्कृतात किती शब्द आहेत ते सांगायला घेतलं, एकही आठवेना, घसा कोरडा पडला, तेव्हा माइकवरूनच म्हणाले, "जरा वॉटर द्या हो." मध्येच अध्यक्षांच्या खिशात मोबाइल वाजला. रिंगटोन गायत्री मंत्राची होती. भाषणं संपेपर्यंत व्यासपीठावरून ऐकू आलेलं संस्कृत ते एवढंच.

पडद्याआड पोरं रंग लावून ताटकळत होती. मंदा दोनदा सूत्रसंचालकांकडे जाऊन आली. "बाई, मोठ्या माणसांना थांबवता येतं का?" ते म्हणाले. मला तर त्या माइकची वायर उपटावीशी वाटत होती.

अध्यक्षांनी शेवटी 'संस्कृत अमर आहे' हे घसा फोडून सांगितलं आणि गळ्यातला हार काढून उठले. मंदा त्यांच्या गाडीपर्यंत धावली, मी मागोमाग.

"साहेब, फक्त दहा मिनिटं. नाटुकलं बघा, मग नव्या बाईंचं ठरवा."

"मंदाताई, आत्ताच म्हणालो ना? अमर भाषा आहे ती," ते मायेने म्हणाले, "एका बाईच्या जागेवाचून तिचं काय अडणार?" दार लागलं. मागच्या सीटवर सुकेळ्यांची दोन पुडकी दिसली.

आम्ही आत आलो तेव्हा हळदीकुंकवाच्या बायका वाणाची ताटं घेऊन खुर्च्यांवर बसायलाही लागल्या होत्या. मंदाने क्षणभर बघितलं आणि पडदा उघडायला सांगितलं.

बाजाराचा देखावा. जेसिका नावाची वाडीवाल्यांची मुलगी केळीवाली झाली होती, पुढ्यात तिच्या वडिलांनी आणलेला खराखुरा घड. गिऱ्हाईक झालेली मुलगी भावावरून कुरकुरली. जेसिका घड उचलून म्हणाली, "पश्यतु, सुवर्णम् इव पीतम्!" बघा, सोन्यासारखं पिवळं. गिऱ्हाईक फणकारली, "कदलीफलं क्रीणामि, सुवर्णं न!" केळी घेतेय, सोनं नव्हे! जेसिकाने कमरेवर हात ठेवले. "तर्हि त्वचं नयतु!" आणि एक साल पुढे केली.

हॉल खदखदून हसला. कुणी भाषांतर केलं नव्हतं. पुढच्या रांगेतली एक आजी ओरडली, "साल घे म्हनते बघ! कोनाची गो ही पोर? भांडते तर आमच्यासारखीच!" दुसरी बाई गिऱ्हाइकाला सल्ले द्यायला लागली. सकाळभर जिचा गौरव झाला, ती भाषा मला पहिल्यांदाच भेटली. तिला घासाघीस येत होती, टोमणा येत होता, कमरेवर हात ठेवता येत होते. मला भरून आलं, आणि मंदाचा चेहरा पाहून रागही आला.

आम्ही सुकेळी घेतली, अर्नाळ्याला समुद्र बघितला, अंधार पडायच्या आत ठाण्यात आलो. सुकेळी आठवडाभर पुरली. आगाशीला जरूर जा. जेवणाची सोय साधी आहे, माणसं गप्पिष्ट आहेत, फक्त सोहळ्याचं निमंत्रण स्वीकारू नका. भाजीवाल्याने भाव वाढवून सांगितला की अजून जेसिकाचं 'तर्हि' तोंडात येतं.

जूनमध्ये मंदाचा फोन आला. जागा भरली नव्हती, संस्कृत बंद झालं होतं. अध्यक्षांनी मात्र शाळेच्या फाटकावर संगमरवरात एक संस्कृत वचन कोरून बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. भाषणात सांगायला त्याचा अर्थ हवा होता, म्हणून त्यांनी मंदाला फोन केला.

"मग सांगितलास?" मी विचारलं.

"म्हटलं, नववीतल्या जेसिकाला विचारा. तिला तुम्ही परवाच हिंदीच्या वर्गात बसवलंय."