आईचे शब्द, सरांचा लेख

मी काही लिहावं एवढं माझं वाचन नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच मी, आणि एम.ए.चा निकालही अजून हातात नाही. तरी लिहितोय, माफी असावी. गप्प बसून पाहिलं, जमलं नाही.

लातूरला आमच्या सरांनी वाङ्मयचौर्यावर एक तास घेतला होता. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्ह, त्याचं नाव, पान. शब्द इकडचे तिकडे केले तरी विचार त्याचाच राहतो, तेव्हा नाव द्यायचंच. "नाव गाळलं की चोरी, पाकीट मारल्यासारखी," सर म्हणाले. आमच्या शाळेत गाईडमधलं उत्तर सुंदर अक्षरात उतरवणारा हुशार ठरायचा. हे मला नवीन होतं, म्हणून मी फार मनावर घेतलं.

माझा प्रबंध मुखेडच्या आठवडी बाजारातल्या बोलीवर होता. आई तिथं भाजी विकते. तिनं सांगितलेल्या प्रत्येक शब्दाखाली मी लिहिलं, 'सांगणार : माझी आई.' वर्गातला एक जण म्हणाला, "आरं, आईचा पान नंबर टाकायचा राहिला की." हसले तर हसले.

त्यात 'उठीव' हा एक शब्द मी माझ्याच आठवणीतून घातला होता. बाजार उठताना उरलेली भाजी स्वस्तात देऊन टाकतात, तो ढीग. सरच माझे मार्गदर्शक. कच्चा मसुदा त्यांच्याकडे दिल्यावर मी तो आईला फोनवर वाचून दाखवला.

"आरं येड्या, उठीव तर तुझी बहीन म्हनायची ल्हानपनी," आई हसत म्हणाली. "बाजारात कोन म्हनतंय तसं? आपल्याच घरात हाय ते."

मी शब्द काढून टाकला आणि प्रबंध सादर केला. नांदेडला विद्यापीठात तो चोरी तपासणाऱ्या यंत्रात घातला, तर निम्म्याहून जास्त चोरीचा निघाला. कुठून चोरलेला? सरांच्या नुकत्याच छापून आलेल्या लेखातून.

लेख मिळवून वाचला. माझीच वाक्यं, माझाच क्रम. आई कुठंच नाही. आणि मधेच एक ओळ : 'मुखेड तालुक्यात उठीव हा शब्द सर्रास प्रचलित आहे.' सर आजवर कधी मुखेडच्या बाजारात फिरकलेले नाहीत.

प्रबंध रद्द झाला असता तर एम.ए. गेलं असतं. मी नांदेडला चौकशी समितीपुढं उभा राहिलो. म्हणालो, "हा शब्द फक्त आमच्या घरात आहे. माझ्या मसुद्याशिवाय तो सरांना मिळाला कुठून?"

समितीतल्या एका मॅडम म्हणाल्या, "बोलीभाषेवर कुणाची मालकी नसते, बाळ."

सर शेजारीच बसले होते. "पोरगा मेहनती आहे," ते शांतपणे म्हणाले, "त्याचं वर्ष वाया घालवू नका." चोरी त्यांची, आणि माफ मला करत होते. या दयेचा राग अजून गेलेला नाही. तिथं मात्र मी मान खाली घातली. त्याचाही राग आहे.

काल विभागातल्या क्लार्कचा फोन आला. "पास हायस. एवढी एक दुरुस्ती करून आन," म्हणाले आणि कागद वाचून दाखवला. सगळ्या उताऱ्यांना अवतरणचिन्हं लावायची, आणि जिथं जिथं 'सांगणार : माझी आई' आहे, तिथं ते खोडून सरांच्या लेखाचा संदर्भ द्यायचा.