आमच्यात तशी रीत आहे

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार सखुआत्याचे. तिनं मला जालन्यात स्वतःच्या घरी ठेवून बी.ए. केलं आणि नंतर त्या बी.ए.पासून आमच्या घराला वाचवलं.

केदारखेड्याच्या आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. त्यामुळे धाकट्या बहिणीच्या, शोभाच्या सोयरिकीच्या बैठकीत वडिलांनी मला थेट पाहुण्यांसमोर बसवलं. "तू शिकलेला. तू बोल." (एवढं बोलल्याचा त्यांना पुढं फार पश्चात्ताप झाला.)

पाहुणे हसनाबादचे. तालुका एक, जात एक, चटणी-भाकरसुद्धा एक. मुलगा चांगला. अडचण एवढीच, की शोभाला नुकताच डी.एड.ला नंबर लागला होता आणि मुलाचे काका म्हणाले, "आमच्यात सुना शिकायला जात न्हाईत. रीत आहे."

स्वयंपाकघराच्या दारात शोभाचा चेहरा उतरला. माझा मात्र खुलला! कॉलेजात घोटलेला प्रश्न घरी चालून आला होता!

"बरोबर आहे, काका. प्रत्येक समाजाची संस्कृती वेगळी. बाहेरच्यानं तिला चूक ठरवू नये."

एवढी प्रस्तावना करून मग 'तरीपण' म्हणायचं, असा माझा बेत होता. काकांनी 'तरीपण'ला जागाच ठेवली नाही.

"ऐकलं का?" मांडीवर थाप मारून ते ओरडले. "ग्रॅज्युएट माणूस बोलून राह्यला! मंग आमच्यात नवरदेवाला स्कूटर देतेत, ती बी रीतच."

"स्कूटर?" वडील दचकले.

"तुमच्या आजोबांनाही मिळाली होती का?" मी विचारलं.

"आजोबाचं सोडा. बाहेरच्यानं चूक ठरवू नये. तुम्हीच म्हणले ना?"

म्हणालो होतो! त्यानंतर जालन्याचा बँड ही रीत, वऱ्हाडाला जीपगाडी ही रीत, आणि जीपमध्ये पुढची सीट काकांची ही तर फारच जुनी रीत! मी तोंड उघडलं की माझंच वाक्य माझ्या तोंडात कोंबलं जाई. सोंगणीला आलेल्या ज्वारीवरच्या गारपिटीकडे बघावं तसे वडील माझ्याकडे बघत होते.

"चला, ठरलं मंग," म्हणत काकांनी अडकित्ता उचलला. आमच्याकडे एकदा सुपारी फुटली की बोललेला शब्द फिरत नाही. शोभाचं डी.एड. आता अडकित्त्याच्या तोंडाशी होतं.

तेवढ्यात, बैठकीसाठी जालन्याहून आलेल्या सखुआत्यानं हातातला चहाचा ट्रे खाली ठेवला, तबकातली सुपारी उचलली, पदराच्या गाठीत बांधली आणि बैठकीत मांडी घालून बसली.

"अहो, अहो, आत्याबाई!"

"आमच्यात पोरीचं शिक्षण पुरं झाल्याबिगर लगीन होत न्हाई. रीत हाय."

"ही कधीपासूनची रीत?"

"तुमच्या स्कूटरच्या मागून आली जरा. लहान हाय, पण आमची हाय. बाहेरच्यानं चूक ठरवू नये. माझा भाचा बी.ए. हाय, इचारा!"

"बिलकुल!" मी घाईघाईनं म्हणालो. (बैठकीतलं माझं एकमेव उपयोगी वाक्य.)

काका उघडा अडकित्ता धरून बसले. तेव्हा इतका वेळ पोहे चिवडत बसलेला नवरदेव पहिल्यांदाच बोलला, "काका, माझी माय रोज अंगणवाडीत शिकवायला जाती, ती कोणच्या रीतीनं?"

"वहिनीचं येगळं हाय."

"कसं काय?"

"ती... ती आधीपासून जाती!"

सगळ्यात आधी हसली शोभा, दाराआडून. मग पाहुणेही हसले, आणि शेवटी नाइलाजानं काकासुद्धा. स्कूटर गेली, बँड गावातलाच ठरला, डी.एड. झाल्यावर लग्न हेही ठरलं, तेव्हा कुठं आत्यानं पदराची गाठ सोडली. वडिलांनी इतका मोठा सुस्कारा टाकला की चहावरची साय हलली. जीपची पुढची सीट मात्र काकांना दिली. काहीतरी संस्कृती टिकायला हवी!

शोभा मास्तरीण झाली आणि मग माझ्या लग्नाचं निघालं, तेव्हा मी जालन्याला पत्र टाकलं:

"ती. सखुआत्यास शिरसाष्टांग नमस्कार. रविवारी माझ्या सोयरिकीची बैठक आहे. तू आलीच पाहिजेस. सगळं तूच बोल. मी नुसता पोहे खाईन. शिकलेल्या माणसानं बैठकीत तोंड उघडायचं नाही, अशी आमच्यात रीत आहे. तुझा भाचा, बी.ए."