ट्वायलाची तिसरी गोळी

ट्वायला सायझमोरचा फोन वाजला तेव्हा ती शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती. पलीकडे माणूस नव्हता, रेकॉर्ड केलेला आवाज होता. कैदी सुटायचा असला की ज्याला त्याच्यापासून धोका आहे त्याला असा फोन येतो. आपला चार आकडी नंबर दाबून निरोप पोचल्याचं कळवलं नाही, तर तो पुन्हा पुन्हा येत राहतो. ट्वायलाने पीठ लागलेल्या बोटाने आकडे दाबले. रॉइस सायझमोर चोवीस मार्चला सुटणार होता. त्या दिवशी तेरा तारीख होती.

"कोण गं?" शेजारी ट्रे पुसणाऱ्या मार्वाने विचारलं.

"रॉइसचं मशीन. अकरा दिवस म्हणतंय."

"माझ्या पहिल्या नवऱ्यासाठी असलं मशीन असतं ना, तर मी लग्नाच्या आधीच लावून घेतलं असतं," मार्वा म्हणाली.

ट्वायला हसली आणि पुन्हा पिठाला लागली. दुपारी तीनशे दहा मुलं जेवली. पाव करपला नव्हता.

ट्वायला चोपन्न वर्षांची आहे. आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पूर्वेला, लिक ब्रँच नावाच्या ओहोळाकाठी, वडिलांच्या जमिनीच्या तुकड्यावर तिचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं पत्र्याचं घर, आहे. रॉइस कोळशाचा ट्रक चालवायचा. बारा वर्षं संसार झाला. मारताना त्याचा आवाज चढत नसे, असं तिने कोर्टात सांगितलं तेव्हा जज्जने ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. तीन वर्षांपूर्वी त्याने ट्रकच्या दारात तिचं उजवं मनगट चिरडलं. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्यांदा त्याने दार आधी पूर्ण उघडलं होतं.

त्याने पाचशे फुटांच्या आत यायचं नाही, असा कोर्टाचा कागद तिच्या पर्समध्ये असतो. पण एका पाळीला अख्ख्या काउंटीत दोनच डेप्युटी, म्हणजे पोलीस, असतात, आणि रस्ता कोरडा असला तरी त्यांना लिक ब्रँचला पोचायला चाळीस मिनिटं लागतात. पूर्वी एकदा ती दूर डेटन शहरात बहिणीकडे निघून गेली होती. चौथ्या दिवशी रॉइस बहिणीच्या पायरीवर बसलेला सापडला, तिच्या मुलांना आइस्क्रीम भरवत. त्यानंतर बहिणीने तिला येऊ नकोस म्हटलं नाही. ये असंही म्हटलं नाही.

तिच्याकडे पिस्तूल होतं. तळहातात मावेल एवढं, कमरेला लावलं तर स्वेटरखाली दिसत नाही असं. ते रॉइसनेच लग्नाच्या वाढदिवसाला आणलं होतं. मागच्या शेतात डब्यांवर झाडायला लावलं तेव्हा दोन गोळ्या सुटल्या आणि तिसरी अडकली. पुन्हा भरलं, पुन्हा तिसरी अडकली. तो पोट धरून हसला होता. "दोनच आहेत तुझ्याकडे, ट्वायला. तिसरीला तू मेलीस." ही गोष्ट तो नंतर लोकांना जेवताना सांगायचा.

म्हणजे नुसतं पिस्तूल दाखवून रॉइस हटणार नव्हता. जगात एका माणसाला ते पिस्तूल नीट माहीत होतं आणि तोच सुटून येणार होता.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ती हॉबर्ट नेपियरच्या दुकानात गेली. हॉबर्ट एकाहत्तर वर्षांचा. खाणीत फुप्फुसं घालवून बसल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये मासेमारीचे गळ, गांडुळं आणि बंदुकांचं दुकान थाटलं. गांडुळांचा फ्रीज आणि त्याच्या दुपारच्या सँडविचचा फ्रीज एकच आहे, यावर गावात बरंच बोलून झालंय.

"हॉबर्टकाका, यात कुठली गोळी चालेल ते बघायचंय," ती म्हणाली. "न अडकणारी."

"कधीपर्यंत?"

"चोवीसपर्यंत."

काउंटीत कोण कधी सुटणार हे त्याला कळत असे. त्याने पिस्तूल रिकामं केलं, गोळ्या काउंटरच्या काचेवर ओळीने उभ्या केल्या आणि त्यातली एक उचलून चष्म्याजवळ नेली. मग ती दुसरीच्या शेजारी ठेवली. ती बुटकी होती. थोडीशीच, पण एकदा दिसल्यावर नजर तिथून हलत नव्हती.

"ही किती वेळा नळीत चढवलीस, पोरी?"

ट्वायलाने सांगितलं. रॉइस लवकर सुटू शकतो असं पत्र जानेवारीत आलं, तेव्हापासून ती पिस्तूल बाळगत होती. शाळेच्या आसपास भरलेलं पिस्तूल चालत नाही. त्यामुळे रोज सकाळी अलीकडच्या चर्चच्या आवारात गाडी थांबवून ती नळीतली गोळी काढायची, पिस्तूल पत्र्याच्या पेटीत कुलूप लावून ठेवायची आणि दुपारी परतताना तिथेच पुन्हा भरायची.

"आणि काढलेली गोळी?"

"तीच वर ठेवायची. म्हणजे बाकीच्या ताज्या राहतात."

हॉबर्टने चष्मा काढून पुसला. "गोळी चढते तेव्हा तिचं नाक पुढच्या उतारावर आपटतं. एकदा आपटलं तर काही नाही. तू रोज तिचंच नाक आपटलंस. ती मागे मागे आपल्या पितळी नळकांड्यात घुसत गेली. आत दारू तेवढीच, जागा कमी. ही उडवली असतीस तर पिस्तूल तुझ्या हातात फुटायचं. दोन महिने कमरेला धोका बांधून फिरतेयस, पण तो रॉइससाठी नव्हता."

"मला वाटलं मी काटकसर करतेय."

"सगळ्यांना तसंच वाटतं. चर्चमध्ये, कोर्टात, बँकेत जाणारे सगळे हेच करतात."

बुटकी गोळी त्याने एका बरणीत टाकली. बरणीत तशा अजून होत्या.

शेडमागे सोडून दिलेल्या खाणीचा मातीचा बांध आहे. हॉबर्टने तिच्याच गोळ्यांनी पिस्तूल भरलं आणि सहाच्या सहा झाडल्या. एकही अडकली नाही. मग ते तिच्या हातात दिलं. एक सुटली. दुसरी सुटली. तिसरी उताराला नाक लावून अर्धवट उभी राहिली.

"पिस्तूल चांगलं आहे," हॉबर्ट म्हणाला.

"तुमच्या हातात."

"हो."

एवढं छोटं पिस्तूल हातात घट्ट धरावं लागतं. मनगट मागे वाकलं की पिस्तुलाचा वरचा भाग पूर्ण मागे जात नाही आणि पुढची गोळी नीट वर येत नाही. ट्वायलाचं मनगट दोनदा मोडलेलं. त्यात तिच्या गोळ्या पोकळ तोंडाच्या. असली गोळी माणसाच्या शरीरात उमलते आणि तिथेच थांबते, म्हणून लोक ती घेतात. पण ते रुंद तोंड छोट्या पिस्तुलात काठाला अडतं. हॉबर्टने सहा प्रकारच्या गोळ्या काढल्या, कॅलेंडरच्या मागे सहा रेघा मारल्या, आणि दुपारपर्यंत ती झाडत राहिली. पोकळ तोंडाच्या चार प्रकारांनी दगा दिला.

पाचवी साधी होती, गोल टोकाची, पूर्ण तांब्याने मढवलेली. ती तिच्या हातात सलग तीसदा चालली.

"मग हीच," ट्वायला म्हणाली.

"ही माणसात थांबत नाही. पलीकडे जाते. तुझ्या घरापलीकडे काय आहे?"

पलीकडे साठ फुटांवर शेजारीण ओपल फ्यूगेटचा ट्रेलर आहे. ओपल ब्याऐंशी वर्षांची, ऑक्सिजनच्या नळीवर, आणि तिचा पलंग ट्वायलाच्या बाजूच्या भिंतीला लागून. ट्रेलरच्या भिंतीतून काय काय जातं हे दोघांनाही माहीत होतं. ट्वायलाने ते खोकं बाजूला सरकवलं.

राहिली सहावी. तिचं तोंड पोकळच, पण त्यात लाल रबराचा गोळा भरलेला, त्यामुळे टोक गोलच्या जवळ जाणारं. हॉबर्टकडे पंचवीसची दोनच खोकी होती. पुढचा माल एप्रिलच्या मध्याला येणार होता. आजूबाजूच्या तीन गावांत त्याने फोन लावून पाहिला. कुणाकडे नव्हता.

"माझा नियम आहे," तो म्हणाला. "पन्नास सलग चालल्या पाहिजेत, तुझ्या हातात. त्याशिवाय मी कुणाला यावर भरवसा ठेव म्हणत नाही."

"पन्नासच आहेत, काका."

"तेच बघतोय."

पन्नास झाडून खात्री केली, तर कमरेला लावायला एक उरत नव्हती. न झाडता लावली, तर खात्री नव्हती.

"जमेल तितकं करू," ती म्हणाली.

पहिलं खोकं सलग गेलं. दुसऱ्या खोक्यातली सहावी अडकली. हॉबर्टने काढून पाहिली. गोळीला काही झालं नव्हतं. "हात दमला," तो म्हणाला आणि आत जाऊन बोलिंग खेळणारे मनगटाला बांधतात तो चामडी पट्टा घेऊन आला. त्याच्या मेलेल्या बायकोचा होता. त्याने तो ट्वायलाच्या मनगटावर आवळला. "हे बांधूनच. बांधायला वेळ मिळाला नाही, तर देवाचं नाव घे."

"देवाचं नाव घ्यायला तरी वेळ मिळेल का?"

"छोटं नाव घे."

पट्टा बांधून सात गेल्या. बारा उरल्या. तिने पिस्तूल खाली ठेवलं.

"आणखी नको," ती म्हणाली. "सात यात, पाच डब्यात."

"खात्री झाली नाही, पोरी."

"मला माहीत आहे."

हॉबर्टने तिला नखांना लावायच्या रंगाने प्रत्येक गोळीच्या बुडाला ठिपका द्यायला शिकवलं. एकदा नळीत चढली की एक ठिपका, दुसऱ्यांदा दुसरा, मग ती बाद. काढलेली गोळी वर ठेवायची नाही, तळाशी जाईल. बारा गोळ्यांचे चोवीस दिवस होतात, हे तिने चर्चच्या आवारात गाडीत बसून काढलं. तोवर नवा माल यायचा होता.

चोवीस मार्च गेला. पंचवीस, सव्वीस गेले. ट्वायला रोज पट्टा बांधून स्वयंपाकघरात यायची. मनगट दुखतंय, एवढंच सांगायची. मार्वाने तिचे जड ट्रे उचलायला सुरुवात केली.

दोन एप्रिलला, गुरुवारी, दुपारी तीनला ती घरी पोचली तेव्हा रॉइस पायरीवर बसला होता. त्याचा ट्रक खाली पत्रपेटीपाशी होता. तो बारीक झाला होता आणि केस नीट विंचरलेले होते. ट्वायलाने गाडीतूनच पोलिसांना फोन लावला, पत्ता सांगितला, फोन चालू ठेवून सीटवर टाकला आणि दार उघडून दाराआड उभी राहिली. पिस्तूल हातात होतं.

"अजून तेच खेळणं?" रॉइस म्हणाला. "मला वाटलं विकलं असशील."

"कागद आहे, रॉइस. पाचशे फूट."

"माझ्याकडे फूटपट्टी नाही." तो उठला आणि दोन पावलं पुढे आला. आवाज चढलेला नव्हता. "दोन आहेत त्यात. विसरलीस?"

"सात," ट्वायला म्हणाली.

तो थांबला. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग मनगटाच्या पट्ट्याकडे.

"हे कुणी शिकवलं?"

तिने पिस्तुलावर दुसरा हातही ठेवला.

"बरं," तो म्हणाला, आणि परत जाऊन पायरीवर बसला. "बघू किती वेळ धरतेस. दुखतो ना तो हात अजून?"

डेप्युटी सदतीस मिनिटांनी आला. तेवढा वेळ रॉइस बोलत होता. छपराचा कोपरा गळत असेल म्हणाला. कुत्रा कधी मेला विचारलं. तुरुंगातला मक्याचा पाव तिच्या पावाच्या पासंगाला पुरत नव्हता म्हणाला. विसाव्या मिनिटाला तिचा हात थरथरायला लागला तेव्हा त्याने बोलणं थांबवलं आणि नुसतं हाताकडे बघत बसला. तिने कोपर दाराच्या चौकटीवर टेकवलं. डेप्युटीची गाडी दिसली तशी रॉइसने दोन्ही हात सभ्यपणे वर केले. "बायकोशी बोलत होतो," तो म्हणाला.

त्याला पुन्हा आत पाठवलं. लवकर सुटताना माफ झालेलं वर्ष आता भोगायचं होतं. चांगलं वागला तर जानेवारीत सुटेल. तो तुरुंगात चांगला वागतो.

त्या शनिवारी ट्वायला हॉबर्टकडे गेली. पिस्तूल गुरुवारी होतं तसंच होतं. तिने त्याला हात लावला नव्हता.

"ज्या होत्या त्याच सात आहेत," ती म्हणाली. "मला बघायचंय."

"कशाला? झालं ना ते."

"मला बघायचंय, काका."

दोघं बांधाकडे गेली. तिने पट्टा आवळला, पाय रोवले आणि हॉबर्टने शिकवलं होतं तसं दोन्ही हातांनी धरलं. पहिली सुटली. दुसरी सुटली. तिसरी अडकली.

वरचा भाग अर्धा उघडा होता आणि त्यातून लाल टोक दिसत होतं. हॉबर्टने पुढे होऊन पिस्तूल तिच्या हातातून घेतलं, गोळी काढली, उलटसुलट करून पाहिली. तिच्यात काही दोष नव्हता. पट्टाही सैल नव्हता.

"सदतीस मिनिटं धरलं होतंस," तो शेवटी म्हणाला. "मनगट अजून सुजलेलं असेल."

"त्या दिवशी पण सुजलेलंच होतं."

हॉबर्टने मान हलवली. ट्वायला बांधाच्या कडेला उलट्या बादलीवर बसली आणि पट्टा सोडला. मनगटावर त्याचे लाल वळ होते. ती बराच वेळ ते चोळत राहिली.

"नवा माल कधी म्हणालात?"

"पंधराला."

"किती खोकी?"

"सांगशील तितकी. आणि जरा मोठं पिस्तूलही बघू. वजनदार. तुझ्या हातात बसेल असं."

"मोठं स्वेटरखाली दिसेल."

"मग मोठं स्वेटर घे."

ट्वायला हसली नाही. तिने हात पुढे केला, उरलेल्या चार गोळ्या पिस्तुलात होत्या. हॉबर्टने ते परत दिलं आणि सोबत आणलेल्या कॅलेंडरची मागची बाजू वर काढून एक नवी रेघ मारली. तिने पट्टा पुन्हा बांधला, यावेळी एक भोक पुढे.

"जानेवारीपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली आणि बांधाकडे तोंड करून उभी राहिली.

"पन्नासातली एक," हॉबर्ट म्हणाला.