बशीतलं गंधक

कुणाच्या हाती हे पडलंच, तर चुकलेलं ऱ्हस्वदीर्घ आणि वाकडं अक्षर सांभाळून घ्यावं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

टिळकवाडीतल्या एका शाळेत मी साफसफाई करते. विज्ञानाच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. प्रदर्शनाच्या आधी, गुरुवारी, विज्ञानाच्या बाईंनी बशीत एक तपकिरी, रबरासारखा ताणला जाणारा गोळा दिला. "जपून ठेवा. सोमवारी प्रदर्शनात हाच लागणार," म्हणाल्या. काय आहे, ते विचारायचा धीर झाला नाही.

शनिवारी पुसायला कपाट उघडलं, तर बशीत पिवळा, कडक खडा. बोट लावलं तर कड तुटली. हे तर गंधक! सासूबाई खरजेला खोबरेल तेलात कालवून लावायच्या, ते. कुणीतरी रबर नेऊन गंधक ठेवलं, असंच मला वाटलं. किल्ली माझ्याकडे, म्हणजे चोरी माझ्यावर येणार. काम जाणार.

खडा पदराच्या गाठीला बांधला. शाळेच्या फाटकावर राखण करणाऱ्या अण्णांकडून पन्नास रुपये उसने घेतले आणि खडेबाजार गाठला. तपकिरी रबर मिळालं ते बेचकीचं.

"मावशी, ह्या वयात कुणावर नेम धरतायसा?" दुकानदार म्हणाला. मी मान खाली घालून तीस रुपये दिले.

रबराचा गोळा करून बशीत ठेवला. रविवारी भाकरी करपली. दोनदा शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरले. रात्रभर पदराची गाठ चाचपत होते.

प्रदर्शनात बाईंनी गोळा ताणला, वास घेतला. "अहो, हे तर खरंच रबर आहे! माझं कुठाय?"

मुलं हसायला लागली. मी गाठ सोडली. "बाई, मी चोरी केली न्हाय. बशीत हेच होतं. ते रबर बेचकीचं, मीच आणून ठेवलं."

"हेच तर हवं होतं मला!" बाईंनी खडा मुलांपुढं धरला. "वितळलेलं गंधक गार पाण्यात ओतलं, की रबरासारखं होतं. पण ते तसं टिकत नाही. दोन दिवसांत परत पिवळं आणि ठिसूळ. दोन्ही गंधकच, आतली मांडणी तेवढी बदलते." मग माझ्याकडं वळल्या. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं मी."

खरं तर मीही विचारायला हवं होतं.

फाटकावर अण्णा वाटच बघत होते. "आक्का, माझ्या पैशाची बेचकी आणलीस म्हणं?"

उरलेले वीस तिथंच त्यांच्या हातावर ठेवले. पगार झाल्यावर तीस दिले आणि अण्णांचे पैसे फिटले.