आधी तपासणी, मग लिनक्स
झेंडूचा वास आला, की गेल्या वर्षीची खंडेनवमी आठवते. थेरगावच्या घरी आम्ही तिघे होतो आणि नव्या लॅपटॉपसाठी मी अडतीस हजार रुपये बाजूला काढले होते. पूजेत ठेवलेला जुना लॅपटॉप फार संथ झाला होता. मुलीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत चार दिवसांवर होती आणि ती त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही हलकी, फुकट मिळणारी सिस्टीम टाकायचं म्हणत होती. "वायफाय चाललं नाही तर मुलाखत बुडेल. नवा घेऊ," मी म्हणालो. "बाबा, चाकणच्या कंपनीत तुम्ही तपासल्याशिवाय माल आत घेता का?" तिने विचारलं. "झालं, घरात क्वालिटीवाले दोन झाले!" बायको हसली. आरती झाल्यावर मुलीने काहीही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून लिनक्सचा एकेक प्रकार चालवून पाहिला. पहिल्या दोन्हींत वायफाय दिसेना. ती म्हणाली, "रिजेक्ट!" तिसऱ्यात ते लगेच जोडलं गेलं, तरी तिने मावशीला अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बोलतं ठेवलं आणि मगच ते लिनक्स लॅपटॉपवर टाकलं. मुलाखत कुठेही न अडकता झाली, नोकरीही लागली. मी इतकी वर्षं माल तपासतोय, पण एवढी कडक तपासणी कंपनीतही क्वचितच पाहिली, हे आजही सगळ्यांना सांगतो. शेवटी त्या अडतीस हजारांतून पेनड्राइव्हचे साडेतीनशे रुपये डांगे चौकातल्या दुकानदाराला दिले आणि एक हजार आमच्या घरच्या नव्या इन्स्पेक्टरबाईंना.